तीस पानांचा डाव



पत्त्यांचा नवा कॅट घरी आला की आपण बावन्न पानं मोजून घेतो. एक जरी कमी भरलं तरी दुकानदाराकडे परत जातो. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन भावंडं खेळायला बसली की त्यांचं पहिलं काम काय असतं? बावन्नातली बावीस पानं काढून बाजूला ठेवायची. दुर्र्या, तिर्र्या, चव्व्या, पंज्या, छक्क्या साऱ्या बाहेर. चार सत्त्यांपैकी दोन आत, दोन बाहेर. उरलेल्या तीस पानांवर ‘पाच-तीन-दोन’ सुरू होतो.

आपल्या सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडून गेला की रस्ते ओस पडतात आणि घराघरांत फरशीवर पाणी शिंपडून पत्त्यांची बैठक बसते. गणपतीच्या जागरणाला मांडवात हाच खेळ, एसटीची वाट पाहताना पिशवीवर टॉवेल अंथरून हाच खेळ. इतका घरगुती, की त्याच्याबद्दल रेडिओवर बोलण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं. मी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि शक्याशक्यतेचा हिशेब मुलांना पुस्तकापेक्षा या तीस पानांनी लवकर कळतो, हा माझा अनुभव आहे.

पानं कमी केली म्हणजे खेळ सोपा झाला, असा सर्वसाधारण समज असतो. तसं होत नाही. पानं कमी झाली की उरलेल्या प्रत्येक पानाची किंमत बदलते. जे दुर्मीळ होतं ते नेहमीचं होतं आणि जे नेहमीचं होतं ते दुर्मीळ होतं. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली, तर पत्त्यांच्या खेळात आणि पत्त्यांच्या जुगारात नेमका काय फरक आहे, तेही उमगतं.

आधी खेळ पाहू. तीसच पानं का? कारण खेळणारे तिघे. बावन्न पानं तिघांत वाटली तर प्रत्येकी सतरा येतात आणि एक उरतं. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंगांची पानं घेतली तर अठ्ठावीस होतात, तीही तिघांत सारखी बसत नाहीत. म्हणून बदामाची आणि इस्पिकची अशा दोन सत्त्या आत घ्यायच्या. झाली तीस, प्रत्येकी दहा. जुन्या लोकांचंही गणित हेच होतं. शहाण्णव पानांची गंजीफा तिघांत खेळत, प्रत्येकी बत्तीस पानं. जर्मनीत ‘स्काट’ नावाचा खेळ घरोघर चालतो. तो बत्तीस पानांचा. तिघांना दहा-दहा पानं आणि दोन पानं मध्ये पालथी. त्यांनी जास्तीची दोन पानं मध्ये ठेवली, आपण सत्त्याच दोन कमी केल्या.

आता नियम. वाटणाऱ्यावर दोन हात करण्याची जबाबदारी. त्याच्या उजव्या हाताला बसलेल्यावर पाच हातांची आणि उरलेल्यावर तीन हातांची. आधी प्रत्येकाला पाच-पाच पानं वाटतात. पाचवाला आपली पाच पानं बघून हुकूम सांगतो. मग उरलेली पाच-पाच पानं वाटतात. पहिली उतारी पाचवाल्याची. ज्या रंगाची उतारी झाली त्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकायचं. नसेल तर हुकमाने मारायचं किंवा दुसरं कुठलंही पान टाकायचं. हात ज्याचा झाला त्याची पुढची उतारी. पुढच्या डावात पाचवाला वाटायला बसतो, म्हणजे त्याच्यावर दोन येतात. त्याच्या पुढच्या डावात तीन आणि मग पुन्हा पाच. तीन डावांची एक फेरी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला दहा हातांची जबाबदारी येऊन जाते. कुणाला झुकतं माप नाही. काही घरांत वाटणी डावीकडून होते. तिथे उजव्याच्या जागी डावा म्हणा, बाकी सगळं तेच.

पाचवाल्याचं कौशल्य हुकूम सांगण्यात असतं. समजा, पहिल्या पाच पानांत त्याच्याकडे तीन इस्पिक आहेत. दुसऱ्या वेळी तशीच तीन पानं आहेत, पण चौकटची. कोणता हुकूम भक्कम? बहुतेक जण म्हणतात, इस्पिक, कारण सत्ती असल्यामुळे इस्पिकची पानं आठ आणि चौकटची सातच. रंग मोठा तेवढा हुकूम मोठा. पण मोजून बघा. न दिसलेली पानं पंचवीस आहेत. त्यांतली पाच तुमच्याकडे यायची आहेत, म्हणजे पाचवा हिस्सा. इस्पिकची बाहेर पाच पानं राहिली. त्यांतलं सरासरी एक तुम्हाला मिळेल आणि चार पानं दोघा प्रतिस्पर्ध्यांकडे जातील. चौकटची बाहेर चारच. त्यांतलं एकाला थोडं कमी तुम्हाला मिळेल आणि समोरच्या दोघांकडे मिळून साधारण तीनच पडतील. तुमचे हुकूम जवळजवळ तितकेच, पण तुमच्या विरुद्ध उभे राहणारे कमी. म्हणजे बाकी पानं सारखीच असतील तर लहान रंगाचा हुकूम बरा. बाहेरची ती सत्ती दिसायला किरकोळ असते, पण हुकमाची सत्तीसुद्धा तुमचा बदामाचा एक्का मारते.

दुसरी गोष्ट एक्क्याची. चारजणांच्या बावन्न पानांच्या खेळात साध्या रंगाचा एक्का पहिल्या फेरीला बहुधा तरून जातो. इथे तसा भरवसा धरता येत नाही. समजा, किलवर हा हुकूम नाही आणि तुमच्याकडे किलवरची तीन पानं आहेत, त्यांत एक्का आहे. बाहेर चार पानं राहिली. ती चारही एकाच प्रतिस्पर्ध्याकडे आणि दुसरा रिकामा, असं साधारण बारा वेळांतून एकदा घडतं. हातात किलवरची चार पानं असतील तर बाहेर तीन. ती एकाच हाती असण्याचा संभव पाचात एक. आणि हातात पाच किलवर असतील, तर बाहेर दोनच पानं राहतात. ती दोन्ही एकाकडेच असण्याचा संभव एकशे नव्वदांत नव्वद, म्हणजे जवळजवळ निम्मा. तुमचा रंग जितका लांब, तितका तुमचा एक्का धोक्यात. ‘माझ्याकडे किलवरच किलवर आहेत’ म्हणून खूश होणाऱ्याला पहिल्याच उतारीला हुकूम बसतो तो यामुळे. अनुभवी माणूस अशा वेळी आधी दोन हुकूम ओढून घेतो आणि मग एक्का सोडतो.

तिसरी गोष्ट स्मरणाची. बावन्न पानं लक्षात ठेवणं सगळ्यांना जमत नाही. तीस जमतात. दहा आपल्याच हातात दिसत असतात. उरली वीस. पाच हात झाले की आपल्याला न दिसणारी दहाच पानं राहतात, आणि कोण कोणत्या रंगात रिकामा आहे हेही तोवर उघड झालेलं असतं. तिथून पुढचा खेळ नशिबाचा राहत नाही, हिशेबाचा होतो. म्हणून दहा वर्षांची मुलगी आपल्या काकाला या खेळात हरवू शकते. तिने राणी कधी पडली हे लक्षात ठेवलेलं असतं आणि काका बोलण्यात रमलेले असतात.

आता हात कमी-जास्त झाले तर काय? पाच, तीन आणि दोन यांची बेरीज दहा. डावात हातही दहाच. म्हणजे एकाला एक हात जास्त झाला तर दुसऱ्याला कुठेतरी एक कमी झालेलाच असतो. ज्याचा जास्त झाला, त्याने पुढच्या डावात, पानं वाटून झाल्यावर, ज्याचा कमी झाला त्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं आणि त्याच्याऐवजी आपल्याकडचं एक पान परत द्यायचं. यालाच हात ओढणं म्हणतात. परत द्यायचं पान कोणतं, त्याच रंगाचं की वाटेल ते, याचे नियम घराघराप्रमाणे बदलतात. ते खेळाला बसण्याआधी ठरवून घ्यावेत, म्हणजे एक्का ओढला गेल्यावर रडारड होत नाही.

या देण्याघेण्याकडे नीट पाहा. इथे हरणाऱ्यावर कर्ज चढतं, पण त्या कर्जाला मर्यादा आहे. पाचवाला अगदीच बुडाला तरी त्याच्यावर पाचपेक्षा जास्त हात चढू शकत नाहीत. कर्ज फेडायचं तेही पानांनीच, आणि पुढच्याच डावात. पानं गोळा करून कॅट खोक्यात ठेवला की कुणी कुणाचं देणं लागत नाही. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

पानं काढून टाकून खेळण्याची रीत जगात इतरत्रही आहे. बंगालमध्ये ‘एकोणतीस’ आणि केरळात ‘अठ्ठावीस’ नावाचे खेळ आहेत, दोन्ही बत्तीस पानांचे. त्यांत गुलाम सर्वांत मोठा आणि त्याच्या खालोखाल नव्वी. रशियात ‘दुराक’ खेळतात तो छत्तीस पानांचा, छक्कीपासून एक्क्यापर्यंत. याच छत्तीस पानांवर २०१०च्या दशकात मकावच्या बड्या खेळाडूंमधून पोकरचा एक नवा प्रकार पुढे आला. इंग्रजीत त्याला ‘शॉर्ट डेक’ म्हणतात. २०१९ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक पोकर मालिकेत त्याची स्वतंत्र स्पर्धा झाली. खेळण्याची पद्धत नेहमीच्या पोकरसारखीच. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मध्ये पाच पानं उघडी मांडली जातात, आणि या सातांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी त्याचा डाव. छोट्या कॅटमध्ये छक्कीखालची पानं नाहीत, म्हणून एक्का, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी अशी ओळही धरतात. एक्का तिथे पंजीची जागा भरून काढतो.

पण खरी गंमत क्रमवारीत आहे. नेहमीच्या पोकरमध्ये ‘फुल हाउस’, म्हणजे तीन एकसारखी पानं अधिक एक जोडी, हे ‘फ्लश’पेक्षा, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांपेक्षा, वरचढ असतं. छोट्या कॅटमध्ये हा क्रम उलटा करावा लागला. का? मोजून पाहू. बावन्न पानांत पाच पानांचा फ्लश ५,१०८ प्रकारांनी येतो आणि फुल हाउस ३,७४४ प्रकारांनी. फुल हाउस दुर्मीळ, म्हणून मोठं. छत्तीस पानांत मात्र प्रत्येक रंगाची नऊच पानं उरतात. तिथे फ्लश फक्त ४८० प्रकारांनी येतो, तर फुल हाउस १,७२८ प्रकारांनी. एकाच रंगाची पाच पानं जुळणं कठीण झालं, जोड्या आणि तिकड्या जुळणं सोपं झालं. दोन एक्के एकदम हातात येण्याचा संभव बावन्न पानांत २२१ मध्ये एक असतो, तो छत्तीस पानांत १०५ मध्ये एक होतो. ज्याला हे ठाऊक नाही तो दोन एक्के बघून हरखतो आणि जुन्या सवयीने जास्त पैसे लावतो. ज्याला ठाऊक आहे, तो त्याची वाट बघत बसलेला असतो.

हाच हिशेब आपल्या ओळखीच्या तीन पत्तीला लावून बघा. बावन्न पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारांनी येतात. त्यांत साधी सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. कलर जास्त वेळा येतो, म्हणून तो सिक्वेन्सच्या खाली. छोट्या पानांवर, म्हणजे छत्तीसांवर, तीन पत्ती खेळायची ठरवली तर एक्का, छक्की, सत्ती ही ओळ धरून सिक्वेन्स ४८० आणि कलर ३०४. म्हणजे तिथेही क्रम उलटायला हवा. पण तीन पत्तीतला क्रम दरवेळी मोजून ठरलेला नाही. ट्रेल, म्हणजे तीन एक्के, तीन राजे अशी पानं, ५२ प्रकारांनी येते. एकाच रंगाची सिक्वेन्स ४८ प्रकारांनीच येते. खरं तर ती जास्त दुर्मीळ, तरी रिवाजाने ट्रेलच मोठी. जोडी ३,७४४ प्रकारांनी. हे सगळं २२,१०० मधून वजा केलं की उरतात १६,४४०. म्हणजे दर चार डावांत साधारण तीन वेळा हातात काहीच नसतं, नुसतं एखादं मोठं पान.

हा शेवटचा आकडा मी वर्गात फळ्यावर मांडला होता. मुलांमध्ये यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलं बरीच होती. तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. म्हणाला, “सर, आमचे बाबा म्हणतात, एक चांगला डाव लागला की आठवडाभराचं भरून निघतं. ट्रेल कितीदा लागते?” मी म्हटलं, बावीस हजार शंभरांत बावन्न, म्हणजे चारशे पंचवीस डावांत एकदा. त्याने वहीच्या मागच्या पानावर भागाकार करून पाहिला. मग म्हणाला, “आणि ती लागेल तेव्हा समोरचे पानं टाकून उठलेच तर?” त्या मुलाला गणित कळलं होतं. घरी जाऊन त्याने वडिलांना काय सांगितलं, ते मी त्याला विचारलं नाही.

पाच-तीन-दोनमध्ये आणि तीन पत्तीत फरक कुठे आहे, तो इथे दिसतो. तीन पत्तीत तीन पानं मिळाली की पुढे लक्षात ठेवण्यासारखं काही पडत नाही. समोरच्याची पानं शेवटपर्यंत झाकलेली. दर डावात बदलते ती फक्त मध्ये पडलेल्या पैशांची रास. पानांच्या कर्जाला पाच हातांची मर्यादा होती, या राशीला मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्रच्या एका खटल्यात हाच भेद केला. रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं याला कौशल्य लागतं, म्हणून ती मुख्यत्वे कौशल्याचा खेळ. तीन पानांचा फ्लश मात्र निव्वळ नशिबाचा. आपल्याकडचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतो. पण कौशल्याचा शिक्का बसला म्हणून पैसा सुरक्षित झाला असं नव्हे. मोबाइलवर रमी आणि पोकर खेळून कर्जबाजारी झालेल्यांच्या बातम्या आपण वाचल्या, आणि २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्या कायद्याने ठेवला नाही.

मला वाटतं, कायदा आपलं काम करील, आपण आपलं करावं. ‘पत्त्यांना हात लावू नका’ असं मुलांना सांगून ती थांबत नाहीत. हातात मोबाइल असतोच, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर चादर अंथरून बसलेली मंडळीही दिसत असतात. त्यापेक्षा त्यांना घरात बसवून मोजायला शिकवावं. एक पान काढलं तर काय बदलतं? दहा पानं काढली तर? हा एक्का आत्ता सोडू की दोन फेऱ्यांनी? ज्या मुलाने शंभर डाव घरी मोजून खेळले आहेत, त्याला ‘आज आपला दिवस आहे’ असं सांगून कुणी सहज बसवू शकत नाही. तो आधी विचारतो, पानं किती, खेळणारे किती आणि हरलो तर जास्तीत जास्त किती? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर तो उठतो.

तेव्हा या सुट्टीत घरातला कॅट काढा. दोन नातवंडं आणि एक आजी एवढी मंडळी पुरेत. हात ओढण्याचे नियम आधी ठरवा, पिसणाऱ्याच्या हातावर लक्ष ठेवा आणि मुलांनी पडलेली पानं तोंडाने मोजली तर त्यांना गप्प करू नका. बाजूला काढलेली बावीस पानं मात्र रबर लावून जपून ठेवा. चौथा भिडू येऊन बसला की मेंढीकोटाला ती सगळी लागतात.